पाणी मुरत होतं कुठे? गावभागातल्या एका न्हाणीची फरशी

पार्श्वभूमी

सांगलीच्या गावभागातलं घर. मी घरदुरुस्तीची कामं घेतो; हे त्यातलंच एक. घरच्यांना विचारूनच लिहितोय. गल्ली किंवा माणसं ओळखू येतील असं काही ठेवलेलं नाही. बांधकाम १९७१ सालचं. काळ्या दगडाचं तीन फुटी जोतं, त्यावर नऊ इंची विटांच्या भिंती, वर स्लॅब. घरात पाच माणसं: ऐंशीच्या घरातल्या आजी, काका-काकू, त्यांचा मुलगा आणि सून (मी त्यांना वहिनी म्हणतो). बाथरूम एकच, मागच्या कोपऱ्यात, पाच बाय सात फुटांचं. आजी त्याला अजून न्हाणीच म्हणतात. संडास परसात वेगळा.

मूळची जमीन शहाबादी फरशीची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. या घरात तेव्हा कमरेच्या वर पाणी होतं. पूर ओसरल्यावर गाळ उपसला, भिंती धुतल्या आणि दिवाळीच्या आत बाथरूम ‘नवं’ केलं: शहाबादी न काढता तिच्यावरच टाइल चिकटवली. हे काम माझं नव्हतं, पण मी नावं ठेवणार नाही. त्या वर्षी अशी चार-पाच कामं मीही केली. गवंडी मिळत नव्हते आणि लोकांना घरात परतायची घाई होती. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, या वेळी गुडघाभर.

तक्रार

२०२३ च्या दिवाळीनंतर मागच्या कोपऱ्यात पाणी साचायला लागलं. जाळी तिथेच, पण पाणी जाळीत जायचं सोडून तिच्या अलीकडे थांबायचं. काकू खराट्याने लोटून द्यायच्या. मग तिथली एक टाइल तिरकी चिरली. आजी पाटावर बसून आंघोळ करतात. पाट डगमगायला लागला म्हणून त्यांनी एका पायाखाली फुटक्या कौलाचा तुकडा सरकवला आणि दीड महिना कुणाला काही बोलल्या नाहीत. डिसेंबरात एके सकाळी तो तुकडा निसटला आणि आजी कलंडल्या. हाड मोडलं नाही, मनगट सुजलं. त्या संध्याकाळी मला फोन आला.

घरात आणखी एक तक्रार होती. ती मला कुणी सांगितली नाही, कारण तिचा फरशीशी संबंध असेल असं कुणाच्या मनात येणं शक्यच नव्हतं. बाथरूममधले साबण नाहीसे होत होते. काकूंचा संशय धुण्याभांड्याच्या बाईंवर होता.

पहिली भेट, आणि तिथे झालेली चूक

जानेवारीत जाऊन पाहिलं. रुपयाच्या नाण्याने टाइल वाजवत गेलो. बाहेरच्या दोन्ही भिंतींलगत आवाज भरीव, मधे आणि स्वयंपाकघराच्या भिंतीकडे पोकळ. लेव्हलची नळी (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावली तर कोपऱ्यातली फरशी जाळीपेक्षा पाच सूत (आठ सुतांचा एक इंच) खाली. म्हणजे जाळी आपल्या जागी आणि भोवतीची जमीन बसलेली. स्वयंपाकघरात गेलो तर त्याच भिंतीला खालून हातभर लोणा (ओलीने भिंतीवर येणारा खार) लागलेला; बोट फिरवलं की पांढरी भुकटी पडत होती.

आज मागे वळून पाहताना एवढ्यावरच सगळं कळायला हवं होतं असं वाटतं. तेव्हा मी म्हणालो, “पुराने भराव बसलाय.” काका लगेच म्हणाले, “मी हेच म्हणत होतो.” सांगलीत २०१९ नंतर कुठल्याही तड्याला, ओलीला, वाळवीला पूर हे उत्तर चालतं. ते इतक्या वेळा खरं असतं की कुणी पुढे विचारत नाही. मीही विचारलं नाही. लोणासुद्धा पुराच्याच खात्यावर टाकला.

अंदाज दिला: दोन्ही थर काढायचे, खालचा कोबा (फरशीखालचा टणक थर) जिथे फुटलाय तिथे नवा करायचा, वॉटरप्रूफिंग करून टाइल बसवायची. ३८ हजार, आठ दिवस. त्यांनी दुसऱ्या एका टाइलवाल्यालाही बोलावलं होतं. तो म्हणाला, फोडायचं कशाला, आहे त्यावर गारा (कालवलेला माल) टाकून लेव्हल करतो आणि तिसरा थर चिकटवतो, १४ हजारांत. काका एक आठवडा त्या १४ हजारांकडे झुकले होते. शेवटी उंबऱ्याने निकाल दिला. तिसरा थर चढला असता तर बाथरूमची जमीन घरातल्या बोळाच्या बरोबरीला आली असती आणि पाणी थेट माजघरात.

फोडल्यावर

माघी गणेशजयंतीच्या दुसऱ्या दिवशी, १४ फेब्रुवारी २०२४ ला, काम सुरू केलं. वरची टाइल सहज निघाली. शहाबादीचा कोपऱ्यातला तुकडा आमच्या गवंडीमामांनी पहारीने उचलला आणि तसाच धरून राहिले. खाली काही नव्हतंच. चुन्याचा कोबा मधोमध तुटून खाली गेला होता आणि त्याच्यावर वीतभर पोकळी. मामांनी पहार खाली टेकवली, ती मुठीपर्यंत आत गेली. “सायब, हितं जमीनच न्हाई,” एवढंच म्हणाले.

त्या पोकळीत घुशीचं घर होतं. प्लास्टिकच्या पिशव्यांच्या चिंध्या, कणसाचं बुरकुंड आणि ओळीने लावल्यासारखे कुरतडलेले साबण. काकूंनी मोजले, सात. त्या काही न बोलता आत गेल्या. धुण्याभांड्याच्या बाई दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा त्यांना चहाबरोबर चिवडाही मिळाला, असं वहिनींनी मला नंतर सांगितलं.

आता घरात नवा आरोपी सापडला होता. काका म्हणाले, “घूस आहे, बीळ बुजवा, पुढे चला.” मामांचीही तयारी होती. राबिट (फोडून निघालेले तुकडे) तिथेच पडलेलं, ते कोंबायचं, वरून काँक्रीट ओतायचं, दुपारपर्यंत काम संपतं. खरं सांगायचं तर मीही पाऊण मनाने तयार होतो. आठ दिवसांचा शब्द दिलेला होता आणि आजींसाठी परसात ताडपत्रीचा आडोसा करून आंघोळीची सोय केली होती.

मला थांबवलं ते हाताला लागलेल्या मातीने. पोकळीच्या तळातून एक मूठ उचलली तर काळी, लोण्यासारखी मऊ, बोटांना चिकटणारी. तिथून दहा पावलांवर परसातली काळी माती फेब्रुवारीतच इतकी भेगाळली होती की भेगेत बोट जात होतं. पाऊस ऑक्टोबरात संपलेला. पूर येऊन अडीच वर्षं झालेली. मग फरशीखालची माती ओली कशाने? पुराचं पाणी असतं तर ते एव्हाना गेलेलं असायला हवं होतं. हे पाणी रोजचं होतं.

पहिला निर्णय: काम थांबवून पाणी शोधायचं

दोन दिवस फोडाफोड बंद ठेवली. मजुरांचे दोन रोज फुकट गेले, त्यावर काका थोडे नाराज झाले.

पाणी दोनच वाटांनी येऊ शकत होतं, येणाऱ्या नळातून किंवा जाणाऱ्या नळीतून. येणारं आधी तपासलं. रात्री सगळे नळ बंद करून गच्चीवरच्या टाकीतलं पाणी काठीने मोजलं, सकाळी पुन्हा मोजलं. फरक नाही. मग जाणारं. मागच्या चेंबरमध्ये पाइपाचं तोंड प्लास्टिकची पिशवी आणि चिंध्यांचा बोळा कोंबून बंद केलं. आतून नहाणी ट्रॅपमध्ये (जाळीखालच्या वळणदार भांड्यात) काठोकाठ पाणी भरलं आणि पेन्सिलीने खूण केली. पाइप शाबूत असेल तर तोंड बंद केल्यावर पाणी हलायला नको. काकूंनी दिलेला चहा संपेपर्यंत ते खुणेच्या खाली होतं. वीस मिनिटांत ट्रॅपच्या वळणापर्यंत उतरलं. त्याखाली ते उतरूच शकत नाही. या तपासणीला एक पिशवी, एक चिंधी आणि अर्धा तास लागला. जानेवारीत केली असती तर पुढचं बरंच काही वेगळं झालं असतं.

पाइप जुना, स्टोनवेअरचा (भाजलेल्या मातीचा), दोन-दोन फुटांचे तुकडे सिमेंटने सांधलेले. उघडल्यावर नेमका जोत्याच्या आतल्या तोंडाशी असलेला सांधा निखळलेला दिसला. अंगठा जाईल एवढी फट. कारण जागेवरच कळत होतं. जोतं खोल पायावर उभं आहे, ते हलत नाही. आतला भराव मात्र काळ्या मातीचा. पाया खणताना निघालेली मातीच जोत्यात टाकून वरून चार इंच मुरूम पसरलेला. तेव्हा असंच करत, आणि आजही करतात. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. पाइपाचं एक टोक दगडात घट्ट आणि दुसरं या वरखाली होणाऱ्या मातीत. कधीतरी सांधा उघडणारच होता.

पुढचं मी असं जुळवतो. सांधा आधी थोडा उघडला. पाच माणसांच्या आंघोळीचं आणि हातधुण्याचं पाणी, दिवसाला दीड-दोनशे लिटर, त्यातलं काही मातीत जायला लागलं. पाणी जाताना बारीक माती पाइपातून चेंबरकडे ओढली गेली. चेंबरमध्ये दरवर्षी गाळ काढावा लागायचा, हे काकांना आठवलं. त्या फटीतून घुशीला वाट मिळाली आणि तिने ओल्या मऊ मातीत घर केलं. दोनदा पूर आला, त्याने उरलेलं सैल केलं. आधी काय आणि मागून काय हे छातीठोक सांगता येणार नाही. पण पूर आणि घूस काढून टाकले तरी ही फरशी बसली असती. निखळलेला सांधा काढून टाकला तर बहुधा नसती. माझं मत इथवर आहे.

पर्याय

रविवारी सकाळी काका, काकू, मुलगा आणि मी मागच्या पायरीवर बसलो. जमीन उघडी पडलेली, त्यामुळे बोलणं सोपं होतं.

बीळ बुजवून वर कोबा टाकायचा, हा पर्याय पाइप बदलूनही करता आला असता. पाच-सहा हजार रुपये. पण खालची माती तीच राहणार, आणि गळती बंद झाल्यावर ती वाळणार, म्हणजे आकसणार. नवा कोबा पुन्हा अधांतरी. फक्त बसलेला निम्मा भाग काढायचा, हे मुलाने सुचवलं. त्यात जुनं आणि नवं जिथे भेटतं त्या रेषेवर वर्षभरात टाइल चिरली असती; असे सांधे मी पुष्कळ पाहिलेत.

तिसरा पर्याय मला स्वतःला आवडत होता: तीन फूट पूर्ण उपसून काळी माती बाहेर, आत मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून दुरमुसाने ठोकून बसवायचा, वर डबराचं सोलिंग (रचलेल्या दगडांचा थर) आणि काँक्रीट. ब्रासभर (शंभर घनफूट) माती निघाली असती. नडली ती स्वयंपाकघराची भिंत. बाथरूमच्या तीन बाजूंच्या भिंती जोत्यावर आहेत, पण स्वयंपाकघराकडची साडेचार इंची आडभिंत नुसती भरावावर उभी केलेली. तिला पायाच नाही. तिच्या बुडाशी तीन फूट खोल खड्डा घेतला असता तर भिंत आमच्या अंगावर आली असती. मग ती भिंत पाडून नव्याने बांधू म्हटलं, तर काकू म्हणाल्या, “ओटा त्याच भिंतीला आहे. न्हाणीपण नाही आणि स्वयंपाकघरपण नाही, मग आम्ही राहायचं कुठं?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मार्ग दाखवला तो मोडलेल्या कोब्यानेच. बाहेरच्या भिंतींलगत आवाज भरीव का होता, हे आता दिसत होतं. जोत्याची भिंत दीड फुटी, वरची विटांची नऊ इंची; आतल्या अंगाला साडेचार इंचांची पायरी उरते. कोब्याच्या कडा त्या पायरीवर टेकलेल्या, म्हणून त्या राहिल्या आणि मधला भाग गेला. पायरी तिन्ही बाजूंना होती, शहाबादीच्या वरच्या तोंडापासून साडेसहा इंच खाली. एवढ्या खोलीत साडेचार इंचांचा आरसीसी (सळ्या घातलेल्या काँक्रीटचा) स्लॅब आणि वर टाइल बरोबर बसत होती. स्लॅब दगडावर टेकला तर खालच्या मातीने काहीही केलं तरी जमीन जागची हलणार नाही. भराव फक्त काँक्रीट ओतेपर्यंत सेंट्रिंगचं, म्हणजे खालच्या आधाराचं, काम करेल.

चौथ्या बाजूला, आडभिंतीकडे, पायरी नव्हती. तिथे स्लॅबची कडा नऊ इंच जाड करून तीत सळ्या घालायच्या, म्हणजे ती कडा तुळईसारखी सात फूट आडवी जाऊन दोन्ही टोकांना दगडावर टेकेल. ओळखीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरांना मोजमापं पाठवली. त्यांनी सळ्यांचं गणित करून दिलं: सात फुटांच्या दिशेला दहा मिलिमीटरच्या, सहा इंचांवर, आडव्या आठच्या, जाड कडेला खालून बाराच्या तीन. आडभिंत मात्र आहे तशी मातीवरच राहणार होती. हा या मार्गातला कच्चा दुवा, हे मी तेव्हाच बोलून दाखवलं. काका म्हणाले, “भिंत पन्नास वर्षं उभी आहे.” मी मान डोलावली.

काम

माती पावणेदोन फूट उपसली आणि आडभिंतीच्या बाजूला हातभर रुंद उतार तसाच सोडला. गावभागातल्या बोळात डंपर येत नाही, त्यामुळे राबिट आणि माती हातगाड्यावरून बाहेर, मुरूम आणि डबर तसाच आत. दोन दिवस त्यातच गेले. घुशीच्या बिळाची बाहेरची वाट चेंबरशेजारी निघाली. ती काचांचा चुरा आणि सिमेंट कालवून बुजवली, चेंबरचं झाकणही सांधलं.

पाइप नवा, पीव्हीसीचा, चार इंची. जोत्यातलं भोक मुद्दाम मोठं केलं आणि त्यात आधी सहा इंची पाइपाचा तुकडा बसवून त्यातून हा नेला. दगड आणि पाइप एकमेकांना धरून ठेवणार नाहीत, हा हेतू. मामांना हे पटलं नाही. त्यांच्या मते सिमेंटने घट्ट भरलं की काम पक्कं. जुना पाइपही असाच घट्ट भरलेला होता, हे दाखवल्यावर गप्प बसले.

मुरूम, सोलिंग, दोन इंच साधं काँक्रीट, त्यावर प्लास्टिकचा कागद, सळ्या, आणि २५ फेब्रुवारीला स्लॅब. ट्रॅप स्लॅबमध्येच ओतून घेतला. सात दिवस गोणपाट घालून पाणी मारलं. आजी तोवर मिरजेला लेकीकडे होत्या. जाताना त्यांनी एकच अट घातली होती: महाशिवरात्रीला मी माझ्या घरी न्हाणार. महाशिवरात्र ८ मार्चला होती.

दुसरा निर्णय: पाणी भरून ठेवायचं की नाही

४ आणि ५ मार्चला वॉटरप्रूफिंग झालं. भिंतीच्या टाइलची खालची ओळ काढून कोट फूटभर वर चढवला, कोपऱ्यांत सिमेंटची गोलाई करून. ६ तारखेला सकाळी ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी भरलं. हे चोवीस तास ठेवायचं. काकांनी हिशेब मांडला: आज पाणी भरलं नाही आणि उद्या टाइल लावली, तर ८ तारखेला सकाळी आजींना निदान उभ्याने तरी आंघोळ करता येईल. “सिमेंटचे दोन कोट दिलेत, वर टाइल येणार, गळणार कुठून?” असं त्यांचं म्हणणं.

मी ऐकलं नाही. जानेवारीत अर्धा तास वाचवून काय झालं हे ताजं होतं. शेजारी एक बादली भरून ठेवली, वाफ होऊन किती जातं ते कळायला. ७ तारखेला सकाळी बादलीतलं पाणी जेमतेम कमी झालेलं, जमिनीवरचं मात्र अर्धा इंच उतरलेलं. ट्रॅपच्या गळ्याशी, जिथे प्लास्टिक आणि काँक्रीट भेटतं, तिथे कोट नीट बसला नव्हता. प्लास्टिक गुळगुळीत असतं. सिमेंटचा कोट त्याला धरत नाही. आधी घासून खरबरीत करायला हवं होतं, ते राहिलं होतं. पाणी काढलं, वाळू दिलं, तिथे जाळीचं कापड बसवून पुन्हा दोन कोट. पुन्हा पाणी. या वेळी चोवीस तासांत फरक पडला नाही.

तोवर ८ तारीख उलटून गेली होती. आजी ७ तारखेलाच परतल्या आणि महाशिवरात्रीची आंघोळ परसात ताडपत्रीच्या आडोशाला केली. मी त्या सकाळी गेलो होतो. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, “झालं की मग सांग.”

टाइल

काकांकडे मुलाच्या फ्लॅटमधल्या दोन बाय दोन फुटांच्या चकचकीत टाइल उरल्या होत्या. त्या वापरू नयेत यासाठी मला फार बोलावं लागलं नाही. आजींचं सुजलेलं मनगट सगळ्यांना आठवत होतं. शिवाय पाच बाय सातच्या खोलीत उतार एका कोपऱ्याकडे न्यायचा तर मोठी टाइल तिरकी कापावी लागते. एक बाय एकची खरबरीत मॅट टाइल घेतली. चिकटवायला नुसतं सिमेंट नको, टाइलचं चिकट मिश्रणच. अशा दाट टाइल पाणी शोषत नाहीत, त्यामुळे सिमेंट त्यांना धरत नाही. उतार फुटाला दीड सूत.

सांधे भरण्याआधी मी एक बादली ओतली. दाराजवळ तळहाताएवढं डबकं राहिलं. मामा म्हणाले, “एवढं चालतंय की, पायानं लोटलं की जातंय.” दोन टाइल उचलून पुन्हा बसवल्या. आडभिंतीच्या बुडाशी सांधा सिमेंटने न भरता सिलिकॉनने भरला, भिंत हलली तर तिथे लवायला जागा असावी म्हणून. भिंतीच्या काढलेल्या ओळीला २०१९ ची जुळणारी टाइल मिळाली नाही. वहिनींनी गडद निळी पट्टी निवडली. ती ठरवून केल्यासारखी दिसते. १५ मार्चपासून बाथरूम वापरात आलं. दोन जुने थर गेल्यामुळे जमीन इंचभर खाली आली आणि उंबऱ्याला पुन्हा उंबऱ्याची उंची मिळाली.

खर्च

३८ हजारांचे ७१ हजार ४०० झाले, आठ दिवसांचा महिना. सर्वांत मोठा आकडा टाइल आणि ती बसवण्याच्या मजुरीचा, २१ हजार ४००. त्याखालोखाल स्लॅब, साडेसतरा हजार. पाइप, ट्रॅप आणि चेंबर मिळून ६ हजार ८००. बिघाडाचं मूळ असलेली ही गोष्ट यादीत जवळजवळ सर्वांत स्वस्त. काकांनी पैसे दिले, पण एकदा म्हणाले, “तुम्ही आधी बघितलं असतं तर आधी कळलं असतं.” मी देखरेखीचे चार हजार घेतले नाहीत. त्याने वाक्य खोडलं जात नाही.

वेगळं काय केलं असतं

पाइपाची तपासणी पहिल्याच भेटीत. आता मी बसलेल्या फरशीसाठी बोलावणं आलं की नाण्याबरोबर चिंध्यांचा बोळाही घेऊन जातो. त्याशिवाय अंदाज एका आकड्यात देणार नाही. ‘खालची जमीन शाबूत निघाली तर इतके, नाही निघाली तर इतक्यापर्यंत’ असं लिहून देईन. फोडायच्या आधी खाली काय आहे हे कुणालाच माहीत नसतं आणि मी माहीत असल्यासारखा आकडा दिला होता. घरच्यांना “आणखी काही चमत्कारिक घडतंय का?” हेही विचारीन. साबणांची गोष्ट जानेवारीत कळली असती तर निदान घूस तरी तेव्हाच कळली असती, आणि एका बाईवरचा दोन महिन्यांचा संशय वाचला असता.

आडभिंतीबद्दल माझं मन अजून ठरलेलं नाही. ओटा चार दिवस हलवून ती भिंत पाडून स्लॅबच्या जाड कडेवर नव्याने बांधली असती, तर काम पूर्ण झालं असतं. त्या आठवड्यात त्या घरावर ते लादणं बरोबर होतं का, याचं उत्तर मी दिवसागणिक वेगळं देतो.

त्यानंतर

त्याच वर्षी मे महिन्यात काकूंचा फोन आला. बाथरूम ठीक, पण ओट्यामागच्या टाइलवर उभी चीर पडली होती, एका सुताहून कमी. जाऊन पाहिलं. गळती बंद झाल्यामुळे भिंतीखालची माती कित्येक वर्षांत पहिल्यांदा उन्हाळ्यात वाळली होती, आणि वाळून आकसली होती. बुडाशी थोडी बसली ती भिंत. बाथरूमच्या बाजूला सिलिकॉनचा सांधा ताणलेला दिसत होता, टाइल शाबूत. स्लॅबवर लेव्हलची नळी लावली, तो जागच्या जागी.

चीर लगेच बुजवू नका असं सांगितलं. काकांनी तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघा मारून तारखा टाकल्या. जुलैत पाऊस लागल्यावर ती केसाएवढी झाली, पुढच्या मेमध्ये पुन्हा उघडली, पण रेघांच्या बाहेर गेली नाही. आता तिसऱ्या उन्हाळ्यात बघायचं आणि मग त्या टाइल बदलायच्या, असं ठरलंय. लोणा मात्र वाळून गळून गेला. काकूंनी तो पट्टा खरवडून रंगवून घेतला.